गंजाची नऊ वर्षं

सिरील व्हर्स्ट्राटेचं जगात कुणाशी वैर नव्हतं. शेजाऱ्याची कोंबडी वाफ्यात शिरली तर हाकलायच्या आधी तिची विचारपूस करील, असा माणूस. पण गंजाचं नाव काढलं की त्याचा चेहराच बदलायचा. सोळाव्या वर्षी तो वॉल्कॉटच्या कारखान्यात रंगखात्यात लागला. तेव्हापासून पेरणीयंत्रांच्या दांड्या, फाळ, चाकं घासायची, पुसायची, प्रायमरचा अस्तर-हात मारायचा आणि वर वॉल्कॉटचा निळा रंग चढवायचा, हेच त्याचं आयुष्य होतं. घरी जेवायला बसला तरी आधी काटा उजेडात धरून बघायचा. त्याच्या बायकोला, एलोडीला, याचा भारी संताप यायचा.

"अरे, जेव की मुकाट्यानं! देवळात पाद्रीबाबासुद्धा आपला प्याला इतका निरखत नाहीत."

"डाग आहे याच्यावर."

"तो रश्श्याचा डाग आहे, गाढवा. उद्या माझ्या गुडघ्यांना गंज चढला तर मलाही तारेच्या ब्रशनं घासशील तू."

"आधी घासीन," सिरील शांतपणे म्हणायचा, "मग प्रायमर. मग रंगाचे दोन हात."

आमच्या नदीकाठच्या ग्रँट्स फेरी गावात तेव्हा दर तिसरं घर बेल्जियमहून आलेल्या लोकांचं होतं, आणि दर दुसरं घर वॉल्कॉटच्या पगारावर चालायचं. कंपनीचं ऑफिस कारखान्याच्या फाटकासमोर होतं. विटांची चार मजली इमारत, आणि तिच्या नदीकडच्या भिंतीवर निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत WALCOTT. एकेक अक्षर पुरुषभर उंचीचं. ही अक्षरं दर चौथ्या उन्हाळ्यात नव्यानं रंगवायचं काम सिरीलचं. दोराला बांधलेल्या फळीवर बसून तो आठवडाभर तिथं लोंबकळायचा. दुपारी एलोडी डबा घेऊन खाली रस्त्यावर यायची आणि मान वर करून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची की तुझा ओ वाकडा झालाय. ओ वाकडा नसायचा. पण सिरील दरवेळी फळी सरकवून ओ पुन्हा मोजायचा, आणि खालून हसू ऐकू आलं की त्याचे कान लाल व्हायचे.

एवढं सुखाचं चाललेलं असताना थोरल्या वॉल्कॉटसाहेबांना नवीन मुख्यालय बांधायची लहर आली.

लहर म्हणजे, कंपनी मोठी झाली होती आणि विटांच्या इमारतीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायची तेवढी बाकी होती, हे खरं. पण जागा शोधली ती गावाबाहेर, नदीपासून चार मैलांवर, दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत. वास्तुकार पूर्वेकडचा, मोठा नावाजलेला. त्यानं म्हणे आठवडाभर कारखान्यात नुसतं फिरून यंत्रं बघितली आणि साहेबांना विचारलं, "तुम्ही लोखंडाची कंपनी. मग लोखंड लपवायचं कशाला?" त्यातून ती इमारत निघाली. घळीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सात मजले, नुसत्या लोखंडी तुळया आणि काच. तुळया आत झाकलेल्या नाहीत, तर बाहेर, उन्हात, एकीवर एक रचलेल्या, सांधे आणि बोल्ट डोळ्यांसमोर. खाली तळं. आत जायला टेकडीवरून काचेच्या दारापर्यंत एक लांब पूल. आणि त्या सगळ्या लोखंडाला रंग नाही. कुठंच नाही. हे खास लोखंड म्हणे आधी गंजणार, मग तो गंजच त्याचं कातडं होणार आणि पुढचा गंज थांबणार. आठ-नऊ वर्षांत नारिंगीचा तपकिरी, तपकिरीचा जांभळट होणार, आणि मग शंभर वर्षं हात लावायला नको.

आणखी एक गोष्ट. इमारतीवर कंपनीचं नावही नसणार होतं. "ज्याला कळायचं त्याला कळेल," असं वास्तुकार म्हणाला होता.

रविवारी आमची माणसं बोल्ले खेळायला जमत. लाकडी चाकं घरंगळत खुंटीजवळ नेण्याचा हा खेळ, पण खेळापेक्षा तोंडंच जास्त चालत. तिथं सिरीलची काय टर उडाली म्हणता!

"सिरील, तुझा वैरी आता साहेबाच्या खुर्चीत बसला रे!" असं त्याचा जुना जोडीदार मॉरिस म्हणाला. "उद्या तू गंजाला सलाम ठोकणार."

"गंज थांबतो म्हणे," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"थांबतो तर," सिरील म्हणाला. "लोखंड संपलं की थांबतो."

कंपनीनं देखभालीच्या सगळ्या माणसांना बसवून तासभर समजावलं होतं, तक्ते दाखवले होते. सिरीलही तिथं होता. तो योग्य त्या ठिकाणी मानही डोलवत होता. पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. चाळीस वर्षं ज्यानं गंज खरवडला, त्याला चांगला गंजही असतो हे तक्त्यानं कसं पटणार? घरी येऊन तो एलोडीला म्हणाला, "थोडासा गंज म्हणजे थोडीशी गरोदर. असं काही नसतं."

त्याची नेमणूक नव्या इमारतीतच झाली. आतली दारं, कठडे, जिने रंगवायचे होते. नारिंगी ओघळ उतरणाऱ्या त्या तुळयांखालून तो रोज जायचा आणि मान खाली घालायचा, जसं घरातल्या बेवड्या भावावरून कुणी काही बोललं की माणूस घालतो. शहाण्यासुरत्या लोकांनी एवढा पैसा ओतून ही दशा केली! बहुतेक ठेकेदारानं साहेबांना फसवलंय, आणि आता लाजेकाजेस्तव सगळेच छान छान म्हणतायत, असं त्याचं मत झालं होतं.

चौसष्ट सालच्या जूनमध्ये उद्घाटन ठरलं. सोमवारी राज्यपाल येणार होते, दुकानदार-एजंट देशभरातून येणार होते. सगळे त्या पुलावरून चालत येणार, आणि पुलाच्या शेवटाला, अगदी दाराशी, डोळ्यांच्या पातळीवर एक तुळई. तिच्यावर तर गंजाचे पोपडे. शनिवारी सिरीलनं ती बघितली आणि रात्री त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर तो एलोडीला म्हणाला, "चल, तुला नवीन इमारत दाखवतो."

"पिशवीत काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही हे एवढं खडखडतं?"

पिशवीत तारेचा ब्रश होता, पॉलिशपेपर होता आणि शेंदरी प्रायमरचा डबा होता. पहारेकरी ओळखीचा. दुपारपर्यंत सिरीलनं दोन्ही हात पसरले तर मावेल एवढी तुळई घासून लख्ख केली आणि तिच्यावर प्रायमरचा असा हात दिला की एक ओघळ नाही, एक केस नाही. निळा रंग सोमवारी पहाटे देणार होता. एलोडी पुलावर डबा धरून उभी होती. तिलाही नवऱ्याचं म्हणणं पटलेलं होतं, कारण तिलाही त्या इमारतीची दयाच यायची.

पहाटे निळा रंग द्यायला त्याला कुणी आत सोडलं नाही. राज्यपालांचे पोलीस आले होते. आणि सकाळी दहा वाजता सगळे पाहुणे त्या पुलावरून आले, तेव्हा त्या गंभीर, तपकिरी, नाव नसलेल्या इमारतीच्या ऐन दाराशी एक भडक शेंदरी पट्टा त्यांच्याकडे बघत होता. वास्तुकाराच्या माणसाला म्हणे घेरीच आली. राज्यपालांनी विचारलं की याचा काही अर्थ असेल ना? कुणीतरी हो म्हणालं.

मॉरिस म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

इमारतीची व्यवस्था क्रॅन्डल नावाच्या इंजिनियरकडे होती. चाळिशीच्या आतला, चष्मेवाला, सज्जन माणूस. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "सिरील, तुम्ही काय केलंत हे? नऊ वर्षं! बाकीची इमारत नऊ वर्षांत काळवंडेल, आणि हा तुकडा मागेच राहील. आता तो पुन्हा उघडा करून पहिल्यापासून गंजू द्यावा लागेल. दारात! ऐन दारात!"

थोरले वॉल्कॉटसाहेब स्वतः आले. सिरील टोपी हातात घेऊन उभा होता. नोकरी गेली, असंच तो धरून चालला होता.

"का केलंत?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणे येणार होते साहेब. कंपनीच्या तोंडावर गंज दिसला असता."

साहेबांनी तो शेंदरी पट्टा एकदा नीट बघितला. मग म्हणाले, "जुन्या भिंतीवरचं नाव तुम्हीच रंगवता ना? ते अजून झकास आहे." आणि हात पुढे करून म्हणाले, "हा प्रायमर तुम्हीच काढा. आणि मला शब्द द्या, या इमारतीच्या बाहेरच्या लोखंडाला पुन्हा कधी ब्रश लावणार नाही."

सिरीलनं हातात हात देऊन शब्द दिला. आमच्याकडं असा दिलेला शब्द म्हणजे शब्द.

प्रायमर काढायला त्याला तीन दिवस लागले. आपलंच इतकं सुबक काम खरवडताना त्याला काय वाटलं असेल ते कुठल्याही रंगाऱ्याला विचारा. तिसऱ्या दिवशी एलोडी तिथं आली ती लुक्कांचा डबा घेऊन. लुक्का म्हणजे भरपूर लोण्याच्या पातळ कुरकुरीत चकत्या. त्या भाजायच्या नाताळात आणि वाटायच्या नववर्षाला, दारोदार जाऊन, वर्षभराची भांडणं मिटवायला. जूनमध्ये लुक्का कुणी ऐकल्या नव्हत्या.

"वेडी झालीस का? नववर्ष आहे आज?" सिरील म्हणाला.

"माफी मागायला रिकाम्या हातानं जायचं? त्या क्रॅन्डलच्या तोंडात चार घातल्या की तोंड तरी बंद होईल त्याचं. आणि एक तू खा. तोंड बघ कसं झालंय, तीन दिवसांच्या शिळ्या पावासारखं."

तिनं त्याला एक भरवली. मग तिनं सहज पुलाखाली बघितलं, तर खोल खाली तळं चमकत होतं. तिचे डोळे गरगरले. तिनं झटकन हात टेकला तो त्या लख्ख, उघड्या, नुकत्या घासलेल्या तुळईवर. अख्खा पंजा. लोण्यानं माखलेला.

"हात काढ! अगं, हात काढ!"

"पडू का खाली? तुझ्या लोखंडापायी?"

सिरील टर्पेंटाइनचं फडकं शोधत होता तेवढ्यात क्रॅन्डल आला. त्यानं तुळई बघितली, लुक्का खाल्ल्या, चार नाही तर सात खाल्ल्या, आणि म्हणाला, "झालं. छान झालं. आता हिला कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीही नाही, सिरील." लोणी तर डोळ्यांना दिसतही नव्हतं. फडकं पिशवीत गेलं.

तीन आठवड्यांनी ते दिसलं. उघडी तुळई पावसापाण्यानं सगळी नारिंगी झाली होती आणि तिच्या मधोमध एक हात राखाडी राहिला होता. पाच बोटं, तळवा, अंगठा जरा वाकडा. लोण्याखाली गंज धरलाच नव्हता. क्रॅन्डलनं तो बघून उसासा टाकला. कुणातरी कामगाराचा असणार, असं त्यानं ठरवलं. "जाईल हळूहळू," तो म्हणाला, "आता याच्यावर काही करायला नको." सिरीलला वाटलं, सांगून टाकावं. पण त्यानं सांगितलं नाही. एका आयुष्यात एका तुळईपायी किती माफ्या मागायच्या?

एलोडीला मात्र आकाश ठेंगणं झालं. दर रविवारी प्रार्थनेनंतर ती नवऱ्याला ओढत तिथं न्यायची. पुलावर उभी राहून आपला हात दुरून त्या हाताशी जुळवून बघायची आणि देवळाच्या पायरीवर बायकांना सांगायची, "एवढी मोठी इमारत बांधली, वॉल्कॉटचं नाव कुठं आहे का? नाही. आणि माझा हात आहे!" बायका हसायच्या. सिरील वरवर चिडायचा. पण रोज सकाळी पुलावरून जाताना त्याची मान आता खाली जात नव्हती. तो त्या हाताकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, आलो बरं का.

आणि खरं सांगायचं तर इमारतही सुंदर होत चालली होती. हे कबूल करायला आम्हा सगळ्यांनाच जड गेलं. पहिली दोन वर्षं ती अर्धवट सोडलेल्या परांचीसारखी दिसायची. मग एके वर्षी शरद ऋतूत घळीतली ओकची पानं तांबूस झाली, आणि तुळयाही नेमक्या त्याच रंगाच्या झाल्या, तेव्हा लोक रविवारी गाड्या काढून तळ्यापाशी बसायला लागले. गंज खरंच थांबत होता. सिरीलनं नखानं, चाकूच्या टोकानं, चोरून चोरून तपासलं. पोपडे बंद झाले होते. खाली घट्ट, मऊ, जांभळट थर होता. चाळीस वर्षांचा वैरी असा समोर शहाण्यासारखा बसलेला बघून त्याला जरा चुकल्यासारखंच झालं.

पण जो गंज थांबतो, तो थांबायच्या आधी सगळीकडे पोचतो. हातही हळूहळू तांबूस होऊ लागला. पाचव्या वर्षी एलोडी म्हणाली, "माझा हात म्हातारा व्हायला लागला बघ." ती ते हसत म्हणाली होती. त्याच हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि फेब्रुवारीत ती गेली. सगळं मिळून सात आठवडे.

सिरीलची मुलगी लग्न होऊन ओमाहाला होती. ती म्हणाली, चला माझ्याकडं. सिरील म्हणाला, काम आहे. काम काय होतं? दारं रंगवायची. खरं काम एकच होतं. दुपारची सुट्टी झाली की डबा घेऊन तो पुलाच्या टोकाला जायचा आणि उभ्यानंच पाव खायचा. घरात तिचे कपडे होते, तिची भांडी होती, तिचा एक फोटो होता त्यात ती कुणा परक्याच बाईसारखी गंभीर बसली होती. त्यातलं काहीच तिच्यासारखं नव्हतं. हा हात मात्र तिनं नवऱ्याला शिव्या देत टेकलेला होता. त्या हाताला बघितलं की त्याला "पडू का खाली?" ऐकू यायचं. त्याला ती हवी होती. दुसरं तिसरं काही नाही, ती हवी होती, आणि तिच्यातलं एवढंच उरलं होतं.

आधी करंगळी गेली. मग अंगठ्याचं टोक गेलं. जगात सगळे त्या इमारतीचा रंग गडद व्हायची वाट बघत होते. मासिकांतून फोटो काढणारे यायचे, क्रॅन्डल वहीत दर सहा महिन्यांनी छटा लिहायचा. एकटा सिरील देवाला सांगत होता, पुरे, आता थांब. ज्यानं साऱ्या आयुष्यात गंजाला कधी 'कृपा करून' म्हटलं नव्हतं, तो आता त्याला विनवत होता.

आणि उपाय तर त्याच्याच हातात होता. पारदर्शक व्हार्निश. बोटभर रुंदीच्या ब्रशनं फक्त त्या हाताएवढ्या जागेवर एक पातळ हात दिला, की आत हवा नाही, पाणी नाही. आहे ते तसं राहील. कुणाला दिसणारही नाही. हा विचार त्यानं पहिल्यांदा केला तेव्हा तो इतका घाबरला की दोन दिवस पुलाकडं गेलाच नाही. शब्द दिला होता. पण ज्यांना शब्द दिला ते थोरले साहेब आदल्याच वर्षी वारले होते. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोठा की मेलेल्या बाईचा हात मोठा? हे कुणाला विचारायचं? त्यानं मॉरिसला आडून विचारलं. मॉरिस म्हणाला, "तुझी एलोडी असती तर तिनं काय म्हटलं असतं?"

"ती म्हणाली असती, मार व्हार्निश, बघतोस काय."

"मग?"

"मग काही नाही," सिरील म्हणाला.

बहात्तरच्या ऑक्टोबरात तो व्हार्निशचा डबा घेऊन तिथं गेला. दुपारची वेळ होती, पुलावर चिटपाखरू नव्हतं. तेव्हा तळव्याचा खालचा भाग आणि मधली दोन बोटं तेवढी उरली होती, तीही फिकट तांबडी, ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसतील अशी. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, ब्रश बुडवला, काठावर निपटला. हात उचलला.

आणि थांबला. शब्दामुळं थांबला असं आम्ही पुढं सगळ्यांना सांगायचो, कारण ते ऐकायला बरं वाटतं. पण मॉरिसला त्यानं सांगितलं ते वेगळं होतं. हात उचलल्यावर त्याच्यातला रंगारी जागा झाला. उघड्यावर, उन्हापावसात व्हार्निश टिकतं किती? दोन हिवाळे. कडेनं ओल शिरणार, फुगा धरणार, पिवळं पडणार, आणि त्याच्याखाली कोंडलेला गंज जो खाईल तो अगदी खोल खाईल. असले फोड त्यानं जन्मभर खरवडले होते. तो मॉरिसला म्हणाला, "आणि समज टिकलं. तरी ते चकाकलं असतं. ती कधी चकाकत नव्हती. तो माझ्या कामाचा नमुना झाला असता, तिचा हात नसता राहिला." त्यानं ब्रश पुसला, झाकण लावलं आणि उरलेला पाव तिथंच संपवला.

नोव्हेंबरात घरच्या पायरीवरच्या बर्फावरून तो घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. हिवाळाभर खाटेवर होता. मुलगी येऊन राहिली. त्याला एकच ध्यास. इमारतीत काम करणारं कुणी भेटायला आलं की विचारायचा, "पुलाशी गेला होतास? कसं आहे?" ते म्हणायचे, "इमारतीला काय धाड भरलीय? तू बरा हो." खिडकीबाहेर पाऊस लागला की तो अंथरुणात उठून बसायचा. मार्चमध्ये तर पाऊस थांबतच नव्हता. मुलीला वाटायचं, दुखतंय. ती गोळी द्यायची, तो मुकाट्यानं घ्यायचा.

मे महिन्यात तो काठी टेकत कामावर गेला, तो निवृत्त व्हायलाच. केक होता, भाषण होतं, घड्याळ होतं. सगळं आटोपल्यावर क्रॅन्डल त्याच्यापाशी आला. त्याचेही केस आता पिकले होते. "सिरील, माझ्याबरोबर पुलाशी चला. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. एप्रिलपासून थांबलोय मी."

सिरीलनं काठी घट्ट धरली. त्याला वाटलं, यांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

दोघं पुलाच्या टोकाला आले. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि ऊन तुळयांवर तिरपं पडलं होतं. सगळी इमारत एकसारखी जांभळट तपकिरी, मखमलीसारखी दिसत होती. क्रॅन्डलनं दोन्ही हात पसरले.

"सांगा बरं, कुठं होती तुमची ती चूक?"

सिरील बघत राहिला. तिसऱ्या बोल्टच्या डावीकडं, एक वीत खाली. तिथं तुळई होती. चौथ्या बोल्टपाशी बघितलं. तिथंही तुळई होती. त्यानं काठी कठड्याला टेकवली आणि पुढं झाला.

"नाही ना सापडत?" क्रॅन्डल आनंदानं म्हणाला. "मलाही नाही सापडत! नऊ वर्षं मी तो तुकडा वहीत लिहितोय. यंदाच्या हिवाळ्यात तो पुरता मिसळून गेला. मी म्हटलं, सिरील निवृत्त व्हायच्या आधी त्यांना हे दाखवायचंच. मनावर ओझं घेऊन जाऊ नये माणसानं. झालं गेलं, सगळं मिटलं. तो कुणाचातरी पंजा उमटला होता ना, तोसुद्धा नाही राहिला."

सिरील तिसऱ्या बोल्टपाशीच बघत होता. क्रॅन्डलला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलं.

सिरील म्हणाला, "साहेब, माझे डोळे आता धड नाहीत. तुम्ही बघता का जरा? नीट. जवळून."

क्रॅन्डलनं चष्मा पुसला. भला माणूस, त्यानं पुढं होऊन तुळईला नाक लावलं, तिरप्या उन्हात वरून खालून, डावीकडून उजवीकडून बघितलं. मग मागं वळून हसला.

"नाही हो. अगदी काही नाही."

"आभारी आहे साहेब," सिरील म्हणाला. "पण अजून एकदा बघा."